पदवीला उमेदवारीची जोड

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आज मला ‘इंटर्नशिप’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली आहे. मी काही शिक्षणतज्ज्ञ नव्हे. मोहल्ल्यातल्या एका लहानशा सेवा केंद्राचे काम पाहणारा मी एक कार्यकर्ता. केंद्र म्हणजे दोन खोल्या, तीन टेबले, एक संगणक आणि सकाळपासून दाराशी उभी असलेली माणसे. गेली काही वर्षे तेथे कॉलेजचे विद्यार्थी कामासाठी येत आहेत. त्यांच्याबरोबर काम करताना जे पाहिले, जेथे आम्ही चुकलो आणि जे शिकलो, तेवढेच मी आपणापुढे ठेवणार आहे.

प्रथम शब्दाविषयी बोलू. इंटर्नशिप हा शब्द आपल्या घरात नवा आहे. सरकारी कागदात त्याला ‘आंतरवासिता’ म्हणतात. तो शब्द तर त्याहून अवघड! पण ही गोष्ट आपल्याला नवी नाही. आपल्याकडे तिला ‘उमेदवारी’ म्हणत. जुन्या काळी कचेरीत नोकरी लागण्याआधी मुलगा उमेदवार म्हणून राही, कारकुनाच्या शेजारी बसून दप्तर शिकत असे. शिंप्याच्या दुकानात काजे-बटणे करण्यापासून सुरुवात होई. गवंड्याच्या हाताखाली आधी पाट्या उचलाव्या लागत. या शब्दाच्या पोटात ‘उमेद’ हा फारसी शब्द आहे, म्हणजे आशा. आशेने, मन लावून, जाणत्या माणसाच्या हाताखाली काम शिकणे म्हणजे उमेदवारी. आज मी हाच शब्द वापरणार आहे.

आता ही उमेदवारी अभ्यासक्रमातच आली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये पदवीचा जो आराखडा दिला, त्यात उमेदवारीला २ ते ४ क्रेडिट ठेवले आहेत. अशा कामात एक क्रेडिट म्हणजे सुमारे ३० तास, म्हणजे ६० ते १२० तासांचे काम झाले. विद्यार्थ्यांनी समाजात जाऊन काम करावे ही कल्पनाही जुनीच आहे. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तिच्या स्वयंसेवकाकडून वर्षाला १२० तासांची अपेक्षा असते. फरक एवढाच की पूर्वी हे काम हौसेचे मानले जाई, आता त्याला गुण आहेत.

आणि गुण आले की त्यांच्यामागे पळवाटाही येतात. दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन केंद्रात आले. माणूस भला, ओळखीचा. म्हणाले, “चाचा, याला साठ तासांचं पत्र हवं आहे. तुमच्याकडे काम केलं एवढं लिहून सही-शिक्का द्या. पोराचा क्लास बुडायला नको.” मी नाही म्हटले. त्यांना वाईट वाटले. “समाजाची संस्था समाजाच्या मुलाला एवढीही मदत करत नाही का?” असे ते म्हणाले.

पालक हो, या प्रश्नाचे उत्तर मी आज जाहीरपणे देतो. खोटे पत्र देणे ही त्या मुलाला मदत नव्हे. उद्या मुलाखतीत कोणी विचारील, “तिथे तू काय केलेस?” तेव्हा आमचा शिक्का बोलणार नाही, मुलाला बोलावे लागेल. शिवाय ज्या पत्रावर आज एकाने खोटे तास लिहून घेतले, त्याच पत्रावर उद्या खरे तास भरलेल्या मुलीचा विश्वास कोण धरील? तो मुलगा पुढे काय झाला हे आपण विचाराल. तो दुसऱ्या आठवड्यात एकटाच आला आणि म्हणाला, “साठ तास कधीपासून सुरू करू?” त्याची हकिकत मी पुढे सांगणार आहे.

आमच्या केंद्रात असे कोणते काम असते? जून-जुलैमधली एक सकाळ डोळ्यांपुढे आणा. एक आई येते. मुलीचे कॉलेजचे शुल्क भरायचे आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती म्हणून राज्याची योजना आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर अर्ज करता येतो. त्यासाठी तहसीलदारांच्या कचेरीतून उत्पन्नाचा दाखला लागतो. दाखला मिळतो, पण आधार कार्डावर आडनाव इंग्रजीत एका तऱ्हेने, शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या तऱ्हेने आणि बँकेच्या पासबुकावर तिसऱ्या तऱ्हेने लिहिलेले! ‘शेख’ हे दोन अक्षरांचे आडनाव, पण इंग्रजी स्पेलिंगच्या भानगडीत त्याने किती घरांची झोप उडवली आहे, हे या सभागृहातल्या अनेकांना ठाऊक असेल.

दुसरे एक बागवान कुटुंब येते. त्यांची जमात राज्याच्या इतर मागास वर्गाच्या यादीत आहे, पण जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जातीच्या नोंदीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला काढला तर जातीच्या रकान्यात नुसते ‘मुसलमान’ लिहिलेले. गुरुजींनी धर्म लिहिला आणि जात तशीच राहिली. मग चुलत आजोबांची नोंद शोधा, कोतवाल बुक पाहा, जुने खरेदीखत पाहा. तिसरा एक तरुण तक्रार घेऊन येतो की कचेरीत अर्ज घेतला पण पोच दिली नाही. त्याला सांगावे लागते की २०१५ पासून महाराष्ट्रात लोकसेवा हक्क अधिनियम आहे. अर्जाची पोच मागणे हा तुझा हक्क आहे आणि ठरलेल्या मुदतीत काम झाले नाही किंवा नाकारले गेले तर अपील करता येते.

हे काम दिसायला लहान आहे. पण २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातले एक वाक्य माझ्या मनातून जात नाही. २००१ च्या जनगणनेच्या आधारे समितीने दाखवले की देशात २० वर्षांवरील लोकांपैकी सुमारे ७ टक्के पदवीधर किंवा पदविकाधारक होते, आणि मुसलमानांत हे प्रमाण ४ टक्क्यांहूनही कमी होते. त्यानंतर वर्षे गेली, मुली पुढे आल्या, कॉलेजे वाढली, हे खरे. परंतु आजही एखादी मुलगी शिक्षण सोडते तेव्हा नेहमीच बुद्धी कमी पडली म्हणून सोडत नाही. कधी एक दाखला वेळेवर मिळत नाही, कधी एका अर्जाची तारीख निघून जाते. ती तारीख निघून जाऊ नये म्हणून कोणीतरी शेजारी बसून मदत करायला हवी. हे काम करण्यास कॉलेजच्या मुलामुलींहून योग्य कोण? त्यांना संगणक येतो, इंग्रजी वाचता येते, आणि घरची बोलीही येते.

आता त्या मुलाची हकिकत. तो कामाला चांगला निघाला. चटपटीत होता, संगणकावर हात बसलेला. रोज दहा-बारा अर्ज भरू लागला. मी खूश होतो. एके दिवशी एका मुलीचा अर्ज त्याने पूर्ण भरला, कागद जोडले, पण शेवटचे ‘सादर करा’ हे बटण दाबायचे राहून गेले. वीज गेली, गर्दी झाली, तो दुसऱ्या कामाला लागला. अर्ज तसाच अर्धवट जतन झालेला राहिला. मुदत संपल्यावर ती मुलगी चौकशीला आली तेव्हा हे उघडकीस आले. तिचे वडील रिक्षा चालवतात. शुल्काचा मोठा भाग त्या शिष्यवृत्तीवर अवलंबून होता.

तो मुलगा दोन दिवस केंद्रात आलाच नाही. मग त्याच्या वडिलांनी, ज्यांना माझ्याकडून कोरे पत्र हवे होते त्याच गृहस्थांनी, त्याला सांगितले, “केंद्रात नंतर जा. ज्यांच्या घरचं नुकसान झालं त्यांच्या घरी आधी जा.” तो गेला. मीही बरोबर गेलो. त्या घरात आम्हांला चहा मिळाला आणि त्या चहाचा घोट गिळणे कठीण झाले. मुलीची आई एवढेच म्हणाली, “बेटा, झालं ते झालं. आता पुढं काय करायचं ते सांग.”

पुढे आम्ही कॉलेजच्या प्राचार्यांना भेटलो, शुल्काचे हप्ते पाडून घेतले, आणि पहिला हप्ता काही सधन मंडळींनी मिळून भरला. मुलीचे वर्ष वाया गेले नाही. परंतु जी रक्कम तिच्या हक्काची होती ती त्या वर्षी गेली, ती परत आली नाही. हे मी लपवणार नाही.

चूक कोणाची? बटण त्या मुलाने दाबले नाही हे खरे. पण अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलावर इतके अर्ज सोपवून ते तपासणारा माणूस मी नेमला नव्हता. चूक माझी होती. उमेदवार हा शिकणारा असतो. त्याच्या कामावर जाणत्याची नजर हवीच. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम झाला: अर्ज एकाने भरायचा, दुसऱ्याने तपासायचा, आणि अर्ज क्रमांक असलेली पोच छापून कुटुंबाच्या हातात दिल्याखेरीज काम पूर्ण झाले असे वहीत लिहायचे नाही. ही पद्धत त्या मुलानेच बसवली.

त्याच वर्षी त्याने आणखी एक काम केले. एका मुलीची शिष्यवृत्ती मंजूर झाली असे दिसत होते, पण खात्यात पैसे नव्हते. घरचे लोक निराश झाले होते. त्याने चौकशी केली तेव्हा कळले की असे पैसे आधार क्रमांक ज्या खात्याशी जोडलेला असेल त्या खात्यात जातात. आणि तिचा आधार शाळेत असताना उघडलेल्या, घरी सगळे विसरून गेलेल्या खात्याला जोडलेला होता. पैसे तेथे सुखरूप होते. ती बातमी सांगायला तो धावत गेला. साठ तास केव्हाच संपले होते. त्याने मोजणे सोडून दिले होते.

मित्रहो, संस्थांनीही आपले घर तपासावे. पहिल्या वर्षी आम्ही विद्यार्थ्यांकडून काय करून घेतले? कार्यक्रमाला खुर्च्या मांडणे, पाहुण्यांना पाणी देणे, फोटो काढणे. मुले कंटाळली आणि त्यांचे बरोबर होते. खुर्ची मांडण्यात कमीपणा नाही, पण साठ तास खुर्च्याच मांडायच्या असतील तर त्यात शिकण्यासारखे काय उरते? फुकटचे मनुष्यबळ म्हणून विद्यार्थ्यांकडे पाहणे हा अन्याय आहे. म्हणून आता आम्ही पहिल्याच दिवशी काम लिहून देतो. प्रत्येकाला एक मार्गदर्शक असतो. येण्याजाण्याचा खर्च संस्था देते. परीक्षेच्या काळात सुट्टी असते. कोणाही विद्यार्थ्याला, मुलगा असो वा मुलगी, एकट्याने कोणाच्या घरी पाठवत नाही. आणि दर शनिवारी अर्धा तास बसून आठवड्याचा हिशेब करतो की काय शिकलो, कोठे अडलो. आपल्या पाल्याला कोणत्याही संस्थेत पाठवण्याआधी पालकांनी या गोष्टी अवश्य विचाराव्यात. विचारल्याने जी संस्था नाराज होईल, तेथे पाठवू नये.

पालकांच्या मनात तीन शंका असतात. पहिली, “पगार नाही, मग उपयोग काय?” ही शंका रास्त आहे. ज्या घराची चूल मुलाच्या कमाईवर पेटते, त्या घराला फुकट कामाचा उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. अशा मुलांनी कॉलेजात स्पष्ट सांगावे आणि सायंकाळचे किंवा रविवारचे तास मागून घ्यावेत. काम आणि शिक्षण यांची सांगड घालण्यात लाज नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले, तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहून, अंगमेहनत करून शिकत. परंतु ज्यांची घरे थोडी स्थिर आहेत, त्यांनी साठ तासांचा हिशेब रुपयांत करू नये. नीट अर्ज लिहिणे, कचेरीत न घाबरता बोलणे, समोरच्याचे शांतपणे ऐकणे, पैशाचा चोख हिशेब ठेवणे या चार गोष्टी जन्मभर उपयोगी पडतात.

दुसरी शंका मुलींविषयी. “मुलीने बाहेर माणसांत काम करायचे?” माझा अनुभव सांगतो. केंद्रात मुली येऊ लागल्यापासून येणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढली. ज्या गोष्टी आया-बहिणी मला सांगत नसत, त्या त्या मुलींना सांगतात. पतीच्या मृत्यूनंतर दोन वर्षे मृत्यूचा दाखलाच न काढलेली एक भगिनी केवळ मुलगी टेबलाशी बसलेली पाहून आत आली. आणि मुलींनी समाजाचे काम करणे आपल्याला कधीपासून परके झाले? सावित्रीबाई फुले १८५६ मध्ये आजारपणात माहेरी नायगावला होत्या, तेव्हा जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी फातिमाची आठवण काढली आहे. आपल्यामागे सगळा भार तिच्यावर पडला असेल, पण ती तक्रार करणार नाही, असा त्यांचा भरवसा होता. एवढ्या मोठ्या कामातली ती सहकारी आपल्याच घरातली मुलगी होती.

तिसरी शंका वेगळ्या टोकाची आहे. काही जण म्हणतात, “आपल्याच समाजाच्या संस्थेत काम करून मुले कोंडली जातील.” या शंकेचाही मी आदर करतो. माझे म्हणणे असे की सुरुवात घरापासून करावी, शेवट घरात करू नये. पहिले साठ तास मोहल्ल्यात केले तर पुढचे गावच्या ग्रंथालयात, ग्रामीण रुग्णालयात, अपंगांच्या शाळेत करावेत. आणि आपल्या संस्थेचे दारही सर्वांना उघडे असावे. आमच्या टेबलाशी आज कुंभारवाड्यातला एक विद्यार्थी बसतो आणि उर्दू शाळेतल्या मुलांना गणित शिकवतो. कोल्हापुरात १९०६ मध्ये मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी पुढाकार घेतला तो राजर्षी शाहू महाराजांनी. मुंबईत १८७४ मध्ये बद्रुद्दीन तय्यबजींसारख्यांनी अंजुमन-ए-इस्लाम उभी केली आणि पुढे तेच तय्यबजी १८८७ मध्ये सबंध देशाच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. समाजाचे काम आणि देशाचे काम यांत आपल्या वडीलधाऱ्यांनी भिंत घातली नाही.

आता विद्यार्थ्यांना थोडेसे. कामाला जाल तेव्हा एक वही ठेवा. रोज आलेला वेळ, गेलेला वेळ आणि केलेले काम लिहा. शेवटचा अहवाल त्या वहीतून आपोआप तयार होईल, कोणाची नक्कल करावी लागणार नाही. दुसरे असे की जे कळत नाही ते लगेच विचारा. विचारण्याची लाज बाळगल्याने नुकसान दुसऱ्या कोणाच्या तरी घरचे होते, हे तुम्ही आताच ऐकलेत. तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. केंद्रात तुम्हांला लोकांचे उत्पन्न कळेल, कोणाच्या घरी तलाक झाला ते कळेल, कोणाला जकातीतून मदत मिळते ते कळेल. ती माहिती तुमच्याकडे अमानत आहे. कट्ट्यावर तिचा एक शब्द निघता कामा नये. कोणाच्या कागदाचा फोटो तुमच्या मोबाइलमध्ये राहता कामा नये. गरिबाला मदतीपेक्षाही आपली अब्रू प्यारी असते.

आणि एक विनंती. समोर बसलेल्या माणसाला ‘लाभार्थी’ समजू नका. तुमचे आजोबाही कधीतरी अशाच एका खिडकीसमोर कागद हातात धरून उभे राहिले असतील. त्या वेळी खिडकीपलीकडच्या माणसाने त्यांच्याशी जसे बोलावे असे तुम्हांला वाटते, तसे तुम्ही बोला.

जाता जाता शेवटची गोष्ट. ज्या मुलीचा अर्ज राहून गेला होता ती आता पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात ती केंद्रात आली. मला वाटले, काही दाखला हवा असेल. ती म्हणाली, “चाचा, माझ्या साठ तासांसाठी इथंच नाव लिहा. अर्ज तपासायचं काम मला द्या. मला माहीत आहे, कुठं चुकतं ते.”

मी तिचे नाव लिहिले आहे. वहीत अजून जागा आहे. आपल्यापैकी ज्यांना यायचे असेल त्यांनी यावे. पालकांनी पाठवायच्या आधी स्वतः येऊन केंद्र पाहून जावे.